घरगुती स्वच्छतेतील प्रचलित चुका

घरगुती स्वच्छता म्हणजे राहत्या घरातील केर, धूळ, तेलकटपणा, क्षारांचे थर, बुरशी आणि रोगजंतू दूर करण्याची नित्य व नैमित्तिक कामे होत. ही कामे बहुतेक घरांत रोज होतात. तरीही कष्टांच्या मानाने त्यांचे फळ पुष्कळदा कमी मिळते, आणि काही वेळा घरातील वस्तूंची व माणसांच्या आरोग्याची हानीही होते. याचे कारण सहसा आळस नसते. घाण कशाची आहे हे न ओळखता साधन निवडणे, कामांचा क्रम उलटा लावणे आणि साधनाला आपले काम करण्यास वेळ न देणे, या तीन गोष्टींत बहुतेक चुकांचे मूळ असते. या लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील घरांत आढळणाऱ्या चुका आणि त्यांमागील कारणे यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मातीच्या घरांत पहाटे अंगणात सडा, घरात केर काढणे आणि ठरावीक दिवसांनी शेणाने जमीन सारवणे असा क्रम असे. सारवण्याने भुसभुशीत मातीचा पृष्ठभाग बांधला जाई व धूळ उडणे कमी होई. ती पद्धत त्या जमिनीला साजेशी होती. शिंदीच्या पानांची केरसुणी घरात, तर नारळाच्या हिरांचा खराटा अंगणात, ही विभागणीही पृष्ठभाग पाहूनच झालेली होती. केरसुणीला लक्ष्मी मानून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा करण्याची प्रथा आजही टिकून आहे. नवरात्रापूर्वी आणि दिवाळीपूर्वी संपूर्ण घर झाडून काढण्याचा रिवाज पावसाळ्याच्या अखेरीस येतो, म्हणजे भिंतींची ओल आणि कपाटांतील कुबट वास घालवण्यास योग्य अशाच वेळी.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करण्याचा परिपाठ ठेवला होता. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००–०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. मात्र सार्वजनिक स्वच्छतेविषयी जेवढे बोलले व लिहिले गेले, तेवढे घराच्या आतील स्वच्छतेच्या तंत्राविषयी मराठीत लिहिले गेलेले नाही. ते ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडी जात राहिले. घरे बदलली, जमिनी बदलल्या, बाटल्यांतून नवी रसायने आली, पण सवयी बऱ्याच अंशी जुन्याच राहिल्या. आजच्या अनेक चुका या न जुळलेल्या सांध्यातून उद्भवलेल्या दिसतात.

घाणीचे प्रकार आणि साधनांची निवड

घरातील घाण स्थूलमानाने चार प्रकारची असते. सुटी धूळ व केर हे केवळ उचलावे लागतात. त्यांना रसायनाची गरज नसते. तेलकट व स्निग्ध थर साबण, अपमार्जक किंवा धुण्याच्या सोड्यासारख्या आम्लारीधर्मी पदार्थांनी सुटतात. नळ, बादल्या व न्हाणीघरातील फरशांवर साचणारा पांढरा थर बोअरवेलच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. तो साबणाने निघत नाही, लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाने विरघळतो. चौथा प्रकार म्हणजे बुरशी व जंतू. त्यांच्यासाठी जंतुनाशक लागते, पण तेही आधीचे तीन प्रकार दूर केल्यानंतर.

ही जुळणी चुकली की श्रम वाया जातात. क्षारांनी पांढऱ्या झालेल्या नळावर साबण घासत राहिल्यास कठीण पाणी आणि साबण यांच्या संयोगाने चिकट साका तयार होतो आणि थर उलट वाढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला धुण्याचा सोडा लावला तर ते काळवंडते व झिजते. कुकरच्या तळाच्या पाण्यात चिंचेचे बुटूक किंवा लिंबाची साल टाकण्याची जुनी युक्ती बरोबर याच्या उलट दिशेने, म्हणजे आम्लाच्या साहाय्याने, काम करते. तांब्यापितळेची भांडी चिंच, आमसूल किंवा लिंबू-मिठाने लखलखीत होतात, कारण त्यांवरील ऑक्साइडचा काळा थर आम्लात विरघळतो. परंतु भांडे लगेच धुऊन कोरडे केले नाही तर ते काही तासांतच पुन्हा काळे पडते. कल्हई केलेल्या भांड्याचा आतील भाग मात्र घासणीने खरवडू नये. कथिलाचा तो थर पातळ असतो, आणि तो गेला की आंबट पदार्थ थेट तांब्यापितळेच्या संपर्कात येतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरण्याचा सल्ला अलीकडे फार प्रचलित आहे. दोहोंच्या मिश्रणाला भरपूर फेस येतो आणि तो पाहणाऱ्याला प्रभावी वाटतो. प्रत्यक्षात आम्ल आणि आम्लारी परस्परांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे मुख्यतः सोडियम अ‍ॅसिटेटचे सौम्य पाणी उरते. हे दोन्ही पदार्थ उपयुक्त आहेत, परंतु स्वतंत्रपणे. सोडा तेलकटपणावर आणि हलक्या घासणीसाठी वापरावा, व्हिनेगर क्षारांवर.

कामांचा क्रम

धूळ वरून खाली पडते, म्हणून स्वच्छताही वरून खाली झाली पाहिजे. छताची जळमटे, पंखे, कपाटांचे माथे, खिडक्या, सामान आणि शेवटी जमीन हा तो क्रम. पंखा पुसण्यापूर्वीच पलंगावर धुतलेली चादर घालणे ही दिवाळीच्या साफसफाईतील नेहमीची चूक आहे. पंख्याच्या पात्यावर जुन्या उशीचा अभ्रा चढवून तो ओढून घेतला तर धूळ अभ्र्यातच राहते. केर काढताना पंखा बंद ठेवणे ही साधी गोष्टही अनेकदा विसरली जाते.

ओले करण्यापूर्वी कोरडे काम पूर्ण करणे हा दुसरा नियम. केर न काढता लादी पुसली की धुळीचा चिखल होतो आणि तो फरशांच्या सांध्यांत बसतो. सामानावरील धूळ मात्र कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झटकणीने झटकू नये, कारण ती हवेत उडून पुन्हा तेथेच बसते. आधुनिक परिचर्येच्या प्रणेत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात कोरड्या झटकणीवर याच कारणासाठी टीका केली होती. घट्ट पिळलेले ओलसर फडके धूळ उचलून धरते. ते मधूनमधून घडी बदलून वापरावे आणि धुवावे.

लादी पुसण्यातील सर्वांत मोठा दोष पाण्याचा आहे. एका बादलीत संपूर्ण घर पुसले तर तिसऱ्या खोलीपर्यंत पाणी काळे होते, आणि पुढे जे घडते त्याला पुसणे न म्हणता घाणीचे समान वाटप म्हणणे अधिक योग्य ठरेल. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची व दुसरी फडके खळबळण्याची, आणि खळबळण्याचे पाणी खोलीगणिक बदलावे. पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी एवढे पाणी परवडत नाही. तेथे चार-पाच फडकी आधीच भिजवून पिळून ठेवावीत, प्रत्येक खोलीला एक वापरावे आणि सर्व एकदम धुवावीत. स्वयंपाकघर आधी, शौचालय सर्वांत शेवटी, आणि दोन्हींची फडकी कायमची वेगळी, ही काळजीही आवश्यक आहे. फरशी पुसण्याचे द्रावण प्रमाणाबाहेर घातल्यास तिच्यावर किंचित चिकट थर राहतो व धूळ अधिक लवकर धरते. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता अशी समजूत रूढ आहे. वास हा केवळ वास असतो.

दगडी फरशा आणि आम्ल

महाराष्ट्रातील घरांत वापरल्या जाणाऱ्या दगडांचा येथे स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. कर्नाटकातील शहाबाद परिसरातून येणारी शहाबादी फरशी, राजस्थानातील कोटा आणि ओट्यासाठी वापरला जाणारा आंध्र प्रदेशातील कडप्पा हे तिन्ही चुनखडकाचे प्रकार आहेत. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच बनलेला असतो. जुन्या चाळी व वाड्यांतील मोझॅक फरशीत सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. ज्या रासायनिक क्रियेने नळावरचा पांढरा थर विरघळतो, त्याच क्रियेने हे दगडही विरघळतात.

मोरीतील शहाबादी फरशी ‘अ‍ॅसिड’ टाकून धुतली की ती क्षणभर फसफसते आणि उजळ दिसते. तो फेस घाणीचा नसून दगडाच्या झिजण्याचा असतो. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात घाण अधिक खोल रुतते, म्हणून पुढच्या वेळी आणखी आम्ल लागते. काही वर्षांत सांध्यांतील सिमेंट खाल्ले जाऊन पाणी झिरपू लागते, आणि खालच्या मजल्यावरील घराच्या छताला ओल येते. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तरी निस्तेज डाग पडतो. तो डाग घाणीचा नसल्यामुळे कितीही घासला तरी जात नाही. दगडाला पुन्हा पॉलिशच करावे लागते. अशा दगडांसाठी उदासीन सामू असलेले सौम्य अपमार्जक, नायलॉनचा ब्रश आणि पुरेसे पाणी एवढीच साधने योग्य होत. ग्रॅनाइट आणि भाजलेल्या चिनी मातीच्या फरशा आम्लाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, मात्र त्यांच्या सांध्यांतील सिमेंटला तोच धोका असतो.

स्वयंपाकघर

फोडणी आणि तळणीतून उडणारे तेलाचे सूक्ष्म थेंब ओट्यामागील टाइल्स, एक्झॉस्ट पंखा आणि कपाटांच्या माथ्यावर बसतात. उष्णता आणि हवा यांमुळे कालांतराने त्यांचा वार्निशासारखा चिवट थर होतो व त्यात धूळ रुतते. तो लगेच खरवडू लागणे ही चूक होय. गरम पाण्यात अपमार्जक किंवा थोडा धुण्याचा सोडा मिसळून त्यात भिजवलेले फडके १५–२० मिनिटे त्या जागी लावून ठेवल्यास थर मऊ होतो. मग त्याला जोर लागत नाही. करपलेल्या भांड्याचेही तसेच. रात्रभर भिजलेले भांडे सकाळी अर्ध्या श्रमात निघते. एक्झॉस्ट पंखा स्वच्छ करताना विद्युतपुरवठा बंद करणे आवश्यक आहे.

भांड्यांचा स्पंज व ओटा पुसण्याचे फडके ही स्वयंपाकघरातील सर्वांत दुर्लक्षित साधने आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये वापरातील १४ स्पंज तपासले, तेव्हा त्यांत काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये अब्जावधी जिवाणू आढळले. नियमित निर्जंतुक केल्याचे सांगितलेल्या स्पंजांत त्यांचे प्रमाण कमी नव्हते. नमुना लहान होता आणि त्यांतील बहुतेक जिवाणू निरोगी माणसाला अपायकारक नसतात, तरी ओलसर स्पंज अनेक महिने न वापरता वरचेवर बदलणे आणि फडके रोज धुऊन उन्हात वाळवणे इष्ट आहे. तारेची किंवा काथ्याची घासणी लवकर वाळते, हा तिचा गुण दुर्लक्षित राहिला आहे.

जंतुनाशकांचा वापर

ब्लीचिंग पावडर व सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ही स्वस्त आणि प्रभावी जंतुनाशके आहेत. तथापि ती स्वच्छतेची साधने नव्हेत. मळ, रक्त, अन्नाचे कण अशा सेंद्रिय पदार्थांवर क्लोरीन खर्ची पडते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी धुणे, नंतर निर्जंतुक करणे. घरगुती ब्लीच द्रावात साधारणतः ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. १ लिटर थंड पाण्यात २० मिलिलिटर द्रावण मिसळले की पृष्ठभागांसाठी पुरेसे, सुमारे ०.१ टक्का तीव्रतेचे पाणी तयार होते. ते पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते. लगेच पुसल्यास परिणाम अपुरा राहतो. गरम पाणी, ऊन आणि जास्त दिवसांचा साठा यांमुळे त्याची शक्ती घटते. स्टेनलेस स्टीलवर ते दीर्घकाळ राहिल्यास बारीक खड्डे पडतात.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे दोन रसायने एकत्र करणे. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक द्रावणांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग लवकर जावा म्हणून त्यावर ब्लीच ओतले, अथवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत ‘अ‍ॅसिड’ घातले, तर तत्काळ क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे शस्त्र म्हणून सोडण्यात आलेला वायू हाच. तो हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या व्यक्तीचे नाक नेमके त्याच पातळीवर असते. भारतीय घरांतील न्हाणीघरे व शौचालये लहान असतात. काम करताना पाणी बाहेर जाऊ नये म्हणून दारही लावून घेतले जाते. त्यामुळे थोडासा वायूही धोकादायक ठरतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त द्रावण यांच्या मिश्रणातून क्लोरामाइनचे विषारी बाष्प निघते.

डोळे चुरचुरणे, घसा जळणे, ठसका लागणे ही लक्षणे दिसताच काम टाकून मोकळ्या हवेत जावे. सांडलेले धुऊन काढण्यासाठी लगेच आत परतू नये. डोळे भरपूर पाण्याने धुवावेत. श्वास लागत असेल तर रुग्णालयात जावे. फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनंतरही वाढू शकतो, म्हणून बरे वाटले तरी त्या व्यक्तीकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते. तुंबलेली मोरी मोकळी करण्याचे कॉस्टिक सोड्याचे दाणे पाण्यात पडताच प्रचंड उष्णता निर्माण करतात; त्यांनी काम झाले नाही म्हणून मागोमाग आम्ल ओतणे हाही असाच घातक प्रकार होय. ही रसायने शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्याने लहान मुले ती पिण्याचा धोका असतो.

न दिसणारा धोका

१८९६ मध्ये मुंबईत व त्यानंतर पुण्यात प्लेगची साथ पसरली, तेव्हा सरकारने घरे रिकामी करवून, सामान बाहेर काढून, भिंतींना चुना देऊन आणि जंतुनाशके फवारून साथ रोखण्याचा प्रयत्न केला. पुण्यातील त्या तपासण्यांतील जुलमामुळे असंतोष उसळला आणि जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. भिंती धुतल्या जात होत्या, आणि रोग उंदीर व पिसवांबरोबर फिरत होता.

आजच्या शहरांत डेंग्यूच्या बाबतीत अशीच गल्लत होते. डेंग्यू पसरवणारा ईडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ, साठलेले पाणी पसंत करतो. पाण्याचे पिंप, मनीप्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी ही त्याची ठिकाणे. चकचकीत घरातही तो सुखाने वाढतो. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. त्याची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटलेली असतात व कोरडेपणातही अनेक महिने टिकतात. पाणी पुन्हा भरले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागत असल्याने आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. त्या दिवशी भांडी आतून घासून उपडी घालणे हा त्यातील महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो.

ओल, बुरशी आणि अंथरूण-पांघरूण

कोकण व मुंबईतील पावसाळ्यात भिंती, चामड्याच्या वस्तू आणि कपाटांतील कपडे यांवर बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसल्यास बीजाणू खोलीभर पसरतात. त्यासाठी साबणाच्या पाण्याचे ओले फडके वापरावे. बुरशीवर रंग देणे निरुपयोगी असते, कारण ओल कायम राहिल्यास ती रंगातून पुन्हा वर येते. गळती बंद करणे, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे आणि पाऊस उघडताच खिडक्या उघडणे हेच खरे उपाय. कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सवय मात्र तान्ह्या मुलांच्या बाबतीत सोडावी. त्यांतील नॅफ्थॅलीनमुळे जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात.

गादी व उश्यांत धुळीतील सूक्ष्म माइट वाढतात. सुमारे पाव मिलिमीटर आकाराचे हे जीव सहसा नजरेस पडत नाहीत, पण दमा आणि सर्दीच्या ॲलर्जीचे ते एक प्रमुख कारण आहेत. चादरी व अभ्रे आठवड्याला, शक्यतो ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुणे आणि गाद्या कडक उन्हात घालणे उपयोगी ठरते. अंथरूण खोलीतच झटकण्याने माइटची विष्ठा हवेत मिसळते.

स्वच्छता करणाऱ्यांचे आरोग्य

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६,०००हून अधिक व्यक्तींची सुमारे दोन दशकांची माहिती तपासण्यात आली. घरी किंवा व्यवसाय म्हणून स्वच्छतेची कामे करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांच्या तुलनेत अधिक वेगाने घटलेली आढळली. फवाऱ्याच्या बाटलीतून द्रावण हवेत उडवण्यापेक्षा ते फडक्यावर घेणे, काम चालू असताना खिडकी उघडी ठेवणे आणि रबरी हातमोजे वापरणे हे उपाय स्वस्त आहेत.

शहरांत हे काम मोठ्या प्रमाणावर घरकामगार स्त्रिया करतात. एका दिवसात चार-पाच घरी काम करणारी स्त्री तेवढ्या सर्व घरांतील रसायने हाताळते. कोणत्या बाटलीत काय आहे आणि कशात काय मिसळू नये हे तिला बहुधा कोणी सांगत नाही. बाटलीवरील सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असतात. घरकामगारांच्या नोंदणीसाठी व कल्याणासाठी राज्यात महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ लागू आहे. हातमोजे आणि सुरक्षित साधने पुरवणे मात्र व्यवहारात घरमालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. काही घरांत बाटल्यांवर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव लिहून चिकटवतात आणि आम्ल व ब्लीच वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतात. वाचता न येणाऱ्यांसाठी लाल व निळ्या रंगाची पट्टी बाटलीला लावली तरी हाच हेतू साधतो.